देहाचे शिलकी अंदाजपत्रक

औरंगजेब बादशहाच्या राज्यात काही वर्षे राहिलेला फ्रांस्वा बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य आपल्या प्रवासवर्णनात अशी नोंद करतो, की वार्षिक उत्सवात बादशहाची तुला झाली आणि त्याचे वजन मागील सालापेक्षा दोन पौंडांनी अधिक भरले, तेव्हा जमलेल्या सर्व उमरावांनी मोठा हर्ष व्यक्त केला. इतिहासाचे अभ्यासक या नोंदीकडे दरबारी खुशामतीचा नमुना म्हणून पाहत असतील. परंतु बंगळुरात संगणकाच्या धंद्यातील तरुणांच्या सहवासात ज्याला काही काळ काढावा लागला आहे, त्याला ती नोंद काल संध्याकाळची वाटते. मी ती माझ्या भाच्याला मोठ्या कौतुकाने वाचून दाखविली, तेव्हा त्याने खुशामत, उमराव आणि तुला यांपैकी कशाचीही दखल न घेता एवढेच म्हटले, "वर्षाला दोन पौंड? म्हणजे एक किलोसुद्धा नाही. मामा, बादशहाची प्रथिनं कमी पडत असणार." पुढे पंचवीस वर्षे दख्खनेत मराठ्यांनी बादशहाला जे रानोमाळ हिंडविले, त्यात ते दोन पौंडही केव्हाच खर्ची पडले असतील, असे मी सुचविले. त्यावर "कार्डिओ जास्त झाला" असा अभिप्राय देऊन तो आपल्या शेंगदाण्यांच्या वाटीकडे वळला. वाटी वजनकाट्यावर ठेवलेली होती.

हा भाचा मूळचा सांगलीचा. नोकरीनिमित्त बंगळुरात आला आणि आल्यापासून काही महिन्यांतच एका जिमचा सभासद व एका संप्रदायाचा अनुयायी झाला. या संप्रदायात वर्षाचे ऋतू दोनच. पहिल्यास 'कट' म्हणतात व दुसऱ्यास 'बल्क'. कटाच्या काळात साधक शरीराच्या खर्चापेक्षा कमी खातो, त्वचेखालची चरबी उतरवितो, आणि पोटावर स्नायूंच्या रेषा उमटू लागल्या की आरशापुढे उभा राहून समाधान मानतो. परंतु चरबीबरोबर बळही थोडे ओसरते, कालपर्यंत सहज उठणारा बार आज जागचा हलेनासा होतो, आणि कोणी समोर वडा खाल्ला तरी साधकाला तो वैयक्तिक अपमान वाटू लागतो. मग बल्काचा ऋतू लागतो. आता शरीराच्या खर्चापेक्षा दररोज अडीचशे ते पाचशे उष्मांक अधिक घ्यायचे, जड वजने उचलायची, आणि वाढलेल्या वजनात स्नायूंचा वाटा जास्तीत जास्त व चरबीचा कमीत कमी राहील अशी तजवीज ठेवायची. अर्थशास्त्राच्या परिभाषेत कट हे तुटीचे अंदाजपत्रक, तर बल्क हे शिलकी. आणि कोणत्याही शिलकी अंदाजपत्रकाप्रमाणे येथेही खरा वाद एवढाच असतो, की शिल्लक नेमकी कोणत्या खात्यावर जमा झाली.

ती भलत्या खात्यावर जाऊ नये म्हणून जे दप्तर ठेवावे लागते, ते पाहून पेशवाईतील फडणिसांनीही तोंडात बोट घातले असते. सकाळी उठल्याबरोबर, पाण्याचा घोटही न घेता, वजन. नंतर न्याहारीच्या प्रत्येक जिन्नसाची रोजकीर्द, म्हणजे प्रथिने इतकी, पिष्ट इतके, स्निग्धांश इतका. संध्याकाळी स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट यांचे वजन, सेट, रेप्स आणि दोन सेटांमधील विश्रांतीचे सेकंद. रात्री झोपेचे तास, आणि त्या झोपेच्या प्रतीविषयी मनगटी घड्याळाने दिलेला प्रतिकूल शेरा. रविवारी या सर्वांची खतावणी होते, कमरेला फीत लावली जाते, एकाच खिडकीशी, एकाच उजेडात, अंगावर शक्य तितके कमी कपडे ठेवून छायाचित्र घेतले जाते, आणि मागील रविवारच्या छायाचित्राशी ते रुजुवात करून पाहिले जाते. या दोन छायाचित्रांतील फरक मला आजवर दिसलेला नाही. "तुम्हाला दिसणार नाही, मामा, सरासरीत दिसतो," असे भाचा सांगतो.

बंगळूर शहर आणि मराठी माणसाचा जमाखर्च यांचा संबंध तसा जुनाच आहे. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने हे ठाणे घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे चिरंजीव व्यंकोजीराजे यांनी तंजावरास बिऱ्हाड केल्यावर, इतक्या लांबच्या मुलखाचा बंदोबस्त परवडत नाही असे पाहून, म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाख रुपयांत त्याचा सौदा ठरविला. आणि १६८७ मध्ये तो पुरा होण्यापूर्वीच, वर ज्याच्या दोन पौंडांचा उल्लेख आला त्याच बादशहाच्या कासीमखान नामक सरदाराने शहर काबीज करून त्याच गिऱ्हाइकाला त्याच किमतीत देऊन टाकले. आज तेवढ्या रकमेत जयनगरासारख्या वस्तीत भाड्याच्या जागेची अनामतही कित्येकदा भागत नाही. अशा परिस्थितीत येथे येणाऱ्या मराठी तरुणाच्या वहिवाटीत, घरमालकाची परवानगी न घेता ज्यात सुधारणा करता येईल, अशी एकच मिळकत उरते, ती म्हणजे स्वतःचा देह. आणि त्या मिळकतीची तो इतक्या बारकाईने जमाबंदी करतो, यात नवल ते काय?

अडचण एवढीच, की बंगळूरचे अन्न जमाबंदीला वश होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे सत्तर किलोंच्या माणसाला अठ्ठावन्न ग्रॅमच्या आसपास. वजने उचलणाऱ्यांचे शास्त्र मात्र किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत जाते, आणि हा आकडा एकदम एकशेबारावर पोहोचतो. अंड्यात सहा ग्रॅम, नंदिनीच्या अर्ध्या लिटर दुधात सोळाच्या आसपास, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस, व्हे नावाच्या प्रथिनभुकटीच्या एका मापात तितकेच, अशी तोंडमिळवणी करीत करीत भाचा दिवस पार पाडतो. कार्तिकात बसवनगुडीच्या नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते. रस्त्याच्या दुतर्फा शेंगांच्या राशी पडतात व आसपासच्या गावांतील शेतकरी नव्या पिकाचा पहिला भाग नंदीला अर्पण करतात; त्या जत्रेत माझ्याबरोबर हिंडताना भाच्याच्या मुखावर जी भक्ती प्रकट झाली, ती नंदीविषयी होती की प्रथिनांविषयी, याचा निवाडा मी करू इच्छीत नाही.

परंतु शेंगा मोजता येतात. मसाला डोसा कसा मोजावा? तव्यावरच्या आचाऱ्याने लोण्याचा गोळा टाकताना हात किती सैल सोडला, हे त्या आचाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि भाच्याच्या उष्मांक मोजणाऱ्या ॲपमध्ये मसाला डोशाच्या ज्या अनेक नोंदी आहेत, त्यांतील लहानात लहान व मोठ्यात मोठ्या आकड्यांच्या दरम्यान दुसरा एक डोसा सहज मावतो. कटाच्या काळात तो यांतील मोठा आकडा धरीत असे. बल्कात कोणता धरतो हे मी विचारलेले नाही. एकदा एका दर्शिनीत, जेथे उंच टेबलाशी उभे राहून लोक पाच मिनिटांत न्याहारी उरकतात, त्याने खिशातून लहानसा काटा काढून त्यावर इडली ठेविली. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी, इडलीला सोन्याचा भाव आला की काय, अशी कन्नडमध्ये पृच्छा केली, आणि चटणीवाल्या पोऱ्याने, वजन कमी भरल्याची तक्रार असावी असे समजून, न मागता आणखी एक डाव चटणी वाढून दिली. ती चटणी कोणत्या सदराखाली लिहावी, या विवंचनेत इडली निवली. "स्वल्प ॲडजस्ट माडी", म्हणजे "थोडं जुळवून घ्या", हे ज्या शहराचे अलिखित संविधान आहे, तेथे ग्रॅमचा आग्रह धरणाऱ्याला एकाकीपणा सोसावाच लागतो.

जयनगरातील शिवाजी मिलिटरी हॉटेलात याहून बिकट प्रसंग उद्भवला. मांसाहारी खानावळींना 'मिलिटरी' म्हणण्याचा रिवाज कर्नाटकात चांगलाच रुजलेला असून त्या धंद्यात येथील जुन्या मराठा घराण्यांचा मोठा वाटा आहे. आणि या हॉटेलातील द्रोणात मिळणाऱ्या बिर्याणीसाठी रविवारी दुपारी जी गर्दी जमते, तिच्यात जात, धर्म, भाषा व वेतनश्रेणी यांचा संपूर्ण लोप होतो. अशा गर्दीत, मागे उभ्या असलेल्या भुकेल्या जनसमुदायाची पर्वा न करता, भाच्याने वाढप्याला विचारले, की द्रोणातील भात कच्च्या तांदळाच्या वजनाने किती? प्रश्न अशास्त्रीय नव्हता; तांदूळ शिजला की त्याचे वजन अडीच-तीनपट होते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत पाचशेहून अधिक खाद्यवस्तूंचे जे पृथक्करण आहे, ते मुख्यतः कच्च्या वस्तूंचे आहे. वाढप्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिले, "कच्चा भात आम्ही देत नाही" असे दख्खनी वळणाच्या मराठीत बजावले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळविला.

बल्काच्या पहिल्या आठवड्यात एक चमत्कार घडतो. उपाशी राहिलेल्या स्नायूंत पिष्टाचा साठा पुन्हा भरू लागतो. त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही मुक्कामाला येते. त्यात सांबारातील मिठाची व आतड्यांतील वाढीव ऐवजाची भर पडते, आणि काटा पाच-सहा दिवसांत दीड-दोन किलोंनी पुढे सरकतो. शरीरात एक किलो चरबी साठण्यास सुमारे ७,७०० उष्मांक जास्तीचे लागतात, हा हिशेब मांडला तर एवढ्या अवधीत एवढी वाढ पाण्यावाचून होणे नाही, हे कोणाच्याही ध्यानात यावे. भाच्याच्याही ध्यानात आले. परंतु सांगलीस त्याच्या मातोश्रींना, म्हणजे आमच्या अक्कांना, ते पटवून देणे त्याला साधले नाही. कटाच्या काळात प्रत्येक रात्री दूरध्वनीवर "हाडं दिसायला लागली रे तुझी, मामाकडं जेवायला मिळत नाही का?" असा माझ्यावर अप्रत्यक्ष ठपका ठेवणाऱ्या अक्का, दोन किलो वाढल्याचे कळताच इतक्या आनंदल्या, की त्यांनी गणपतीला पेढे ठेविले. "आई, ते पाणी आहे," असे हा सांगत होता. "असू दे की, आपल्याच अंगातलं आहे," असे उत्तर आले. बर्निएने वर्णिलेल्या उमरावांची जात अद्याप पूर्णपणे नष्ट झालेली नाही. ती फक्त सांगलीस राहते, व तिचा हर्ष निर्व्याज असतो.

दप्तराची चेष्टा करणे सोपे आहे. पण त्याच्या एका सदराला मी मनापासून मान देतो, आणि ते म्हणजे उचललेल्या वजनाचे. १९४० च्या दशकात अमेरिकेतील एका लष्करी रुग्णालयात टॉमस डेलॉर्म नावाच्या डॉक्टराने जखमी सैनिकांचे अशक्त झालेले पाय हलक्या व्यायामाने न चुचकारता, मोजून वाढविलेल्या भाराने बळकट करण्याची पद्धत रूढ केली. दहा-दहा आवर्तनांचे सेट, आणि झेपेल तसतशी भारात थोडी थोडी वाढ, या तिच्या तत्त्वावरच आजची जिम चालते. मागच्या आठवड्यात किती उचलले हे स्नायू सांगत नाही, आणि माणसाची स्मृती तर नेहमी स्वतःच्या बाजूनेच साक्ष देते. म्हणून वहीत लिहिलेला आकडा हाच काय तो निःपक्षपाती साक्षीदार. बारला दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा किलोच्या चकत्या लावून अडीच किलोंची जी वाढ करायची, तिच्यासाठी भाचा आठवडाभर झटतो. त्या लहान चकत्या मात्र कोणत्याही जिममध्ये कधीही जागेवर सापडत नाहीत, आणि शंभर किलो सहज उचलणारे धट्टेकट्टे पुरुष ओणवे होऊन बाकांखाली सव्वा किलो शोधत असतात.

देह घडविण्याचे व मोजण्याचे हे वेड आजचेच आहे, असेही नाही. इटलीतील सांतोरिओ नावाच्या वैद्याने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून खाल्लेले, प्यालेले आणि उत्सर्जिलेले सर्व काही सुमारे तीस वर्षे तोलले, व घामावाटे नकळत किती वजन उडून जाते याचा सिद्धान्त १६१४ साली ग्रंथरूपाने मांडला. त्याच्या घरी जेवायला कोण जात असे, हे मात्र कळत नाही. आपल्याकडे औंधच्या पंतप्रतिनिधींनी आधी सँडो या पाश्चात्त्य शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम केला, आणि मग सूर्यनमस्कारांकडे वळून त्यांचा प्रचार हेच आपल्या जीविताचे एक कार्य मानले. खुद्द बंगळुरात के. व्ही. अय्यर यांनी हर्क्युलिस जिम्नॅशियम चालविले, बार्बेल व सूर्यनमस्कार यांचा संगम घातला, टपालाने व्यायामाचे धडे दिले, आणि १९३० साली 'मसल कल्ट' हे पुस्तक लिहिले. देवांनीही हेवा करावा असे शरीर आपणांस लाभल्याचे ते निःसंकोचपणे सांगत. पुढे याच गृहस्थांनी कन्नडमध्ये होयसळ राणी शांतलेवर कादंबरी लिहिली. आजच्या साधकांपैकी कोणी रेप्सखेरीज काही लिहून ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

भाच्याला अशा पूर्वसूरींपैकी एकाच पुरुषाविषयी खरा आदर वाटला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये बावन्न किलोंच्या गटात खेळून सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीत सत्तावन्न किलोंच्या गटात कांस्यपदक घेऊन परतले. "चार वर्षांत एक गट वर! मामा, याला म्हणतात लीन बल्क," असे तो उद्गारला, आणि प्रथमच त्याच्या मुद्रेवर इतिहासाविषयी आस्था दिसली. कोल्हापूरच्या तालमींतही मोजदाद होतीच. जोर आणि बैठका शेकड्यांनी मोजल्या जात, बदाम मोजून भिजत. परंतु पैलवान भरत चालला आहे की नुसता सुटत चालला आहे, हे वस्ताद एका दृष्टिक्षेपात ठरवीत, आणि तो निकाल अपिलात जात नसे. भाच्याला वस्ताद नाही. त्याला सरासरी आहे.

हे सर्व पाहून माझे असे मत झाले आहे, की बल्कातील दप्तर हे खाण्याला आळा घालण्यासाठी नसून खाण्याला मंजुरी मिळविण्यासाठी असते. कट आपल्या स्वभावाला धरून आहे. कमी खाण्याचे श्रेय मराठी माणूस स्वतःकडे घेतो व त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. परंतु स्वतःच्या जबाबदारीवर मराठी माणूस कधीही जास्त जेवलेला नाही. तो जास्त जेवला असेल तर यजमानाने आग्रह केला म्हणून, नैवेद्याला नाही म्हणू नये म्हणून, पानात टाकणे पाप म्हणून, किंवा उपास होता म्हणून. "एकादशी दुप्पट खाशी" या म्हणीत आमच्या समाजाने पहिला बल्क सशास्त्र नोंदवून ठेविला आहे. पंगतीतील आग्रह ही केवळ आतिथ्याची रीत नव्हती. ती जबाबदारीचे हस्तांतर करणारी एक कायदेशीर योजना होती. जिलेबी खाणारा एक, आणि ती खाण्यास उत्तरदायी असणारा दुसरा.

बंगळुरातील बाराव्या मजल्यावर, पंगत नाही, व्याही नाहीत, वाढपी म्हणजे दुचाकीवरून पुडके आणून देणारा मुलगा, आणि तो आग्रह करीत नाही. आग्रहाची ती रिकामी जागा आता ॲपने घेतली आहे. रात्री साडेनवाच्या सुमारास भाच्याचा फोन कुणकुणतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात, की आजचे ४१० उष्मांक शिल्लक आहेत. भाचा सुस्कारा टाकतो, "इलाज नाही, संपवावे लागतील" असे म्हणतो, आणि पाचव्या जिलेबीला हात आडवा धरून बोटे मात्र फाकलेली ठेवणाऱ्या वरपित्याच्या चेहऱ्याने, अक्कांनी धाडलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा उघडतो. त्या लाडवांतील तूप किती, हे अक्कांनी आजतागायत सांगितलेले नाही, आणि याने, माझ्या निरीक्षणाप्रमाणे, दुसऱ्यांदा विचारलेलेही नाही.

म्हणून माझी एक विधायक सूचना आहे. सरकारी नोंदवहीत शेवटचे सदर 'शेरा' हे असते, आणि बाकीच्या सदरांत जे बसत नाही ते सर्व सत्य तेथे सामावून जाते; भाच्याच्या ॲपात नेमके तेच सदर नाही. ते उघडण्यात यावे, व ज्या पदार्थापुढे "आग्रह झाला" असा शेरा असेल, त्याचे उष्मांक कट व बल्क या दोन्ही ऋतूंत हिशेबातून वगळावेत. मात्र आग्रह करणारी व्यक्ती हाडामांसाची असावी, व तिचे नाव, नाते आणि गाव यांची नोंद बंधनकारक असावी. बंगळूरच्या गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळाने या अर्थाचा ठराव एखाद्या सभेत, शक्यतो सभेनंतरच्या अल्पोपहारापूर्वी, मंजूर करावा. सूचक म्हणून माझे नाव घालण्यास हरकत नाही. अनुमोदक म्हणून भाच्याची सही मात्र त्याचा पुढचा कट लागण्याच्या आत उरकून घ्यावी लागेल.